ब्राह्मी अंक युनिकोडमध्ये: नाणेघाटाचे २४,४०० नेमके कसे लिहायचे?

लेणीवाचक

नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीत) उतरवताना अक्षरांची फारशी अडचण येत नाही. गाडी अडते ती आकड्यांपाशी, आणि या लेखात आकड्यांची रेलचेल आहे. यज्ञामागून यज्ञ आणि प्रत्येकाची दक्षिणा: १,७०० गायी आणि १० हत्ती, ११,००० गायी आणि १,००० घोडे, २४,४०० काहापन (त्या काळची नाणी), ६,००१, १,१०१, ३०१. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये याच लेखावरून प्राचीन अंकांची मांडणी केली, ती याच श्रीमंतीमुळे.

आधी जे पक्के आहे ते मांडतो. ब्राह्मीचा कप्पा यू+११००० ते यू+११०७एफ. तो युनिकोड ६.० मध्ये, २०१० साली आला. (षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाच्या, आकड्यांतली अक्षरे इथे ए, बी, सी अशीच लिहितो.) या कप्प्यात अंकांचे दोन वेगळे संच आहेत आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

पहिला संच यू+११०५२ ते यू+११०६५. यात १ ते ९, मग १०, २०, ३० असे ९० पर्यंत, मग १०० आणि १०००, अशी एकूण २० चिन्हे आहेत. शून्य नाही, कारण या पद्धतीला त्याची गरजच नव्हती. दहासाठी वेगळे चिन्ह, वीससाठी वेगळे.

दुसरा संच यू+११०६६ ते यू+११०६एफ. हे ० ते ९, आपल्या आजच्या स्थानमूल्य पद्धतीचे. हे लागतात ते पुष्कळ नंतरच्या लेखनाला. नाणेघाटासाठी यातले एकही चिन्ह वापरायचे नाही. २४४०० हे दुसऱ्या संचातून २, ४, ४, ०, ० असे टंकले तर पडद्यावर ब्राह्मी दिसेल, पण दगडावर नसलेली पाच चिन्हे आपण सातवाहनांच्या माथी मारलेली असतील.

तेव्हा २४,४०० पहिल्या संचातूनच लिहायचे. दगडावर त्याचे तीन घट आहेत: वीस हजार, चार हजार, चारशे. हजाराच्या चिन्हाला वीसचे चिन्ह जोडलेले, पुन्हा हजाराला चार, मग शंभराला चार. हा जोड दाखवायला यू+११०७एफ ही वेगळी जोडखूण आहे. ती युनिकोड ७.० मध्ये, २०१४ साली आली. या धाग्यात मी तिच्यासाठी ~ वापरतो. माझी मांडणी अशी:

२०~१०००, ४~१०००, ४~१००

हे बरोबर आहे का? आणि फॉन्टमध्ये जोड दिसला नाही तर चूक कुठे शोधायची?

अक्षरजुळारी

क्रम उलटा झालाय. आपण मराठीत वीस हजार म्हणतो, गुणक आधी, म्हणून हात आपोआप तसा चालतो. दगडावर मुख्य अंग हजाराचे आहे आणि वीस त्याला चिकटलेले. मजकुरातही तोच क्रम: आधी १००० किंवा १००, मग जोडखूण, मग गुणक.

१०००~२०, १०००~४, १००~४

दशमान संकेतांक देतो म्हणजे कुणालाही पडताळता येईल: ६९७३३, ६९७५९, ६९७२४, ६९७३३, ६९७५९, ६९७१७, ६९७३२, ६९७५९, ६९७१७. एकूण नऊ संकेतबिंदू, म्हणजे संकेतांक मिळालेली नऊ चिन्हे. मध्ये रिकामी जागा नाही, स्वल्पविराम नाही. हे दशमान पाठ करणे सोपे आहे: १ म्हणजे ६९७१४, तिथून सलग ९ म्हणजे ६९७२२, १० म्हणजे ६९७२३, ९० म्हणजे ६९७३१, १०० आणि १००० हे ६९७३२ आणि ६९७३३. लगेच पुढे, ६९७३४ वर, स्थानमूल्याचे शून्य सुरू होते. म्हणजे एका घराची चूक झाली की हजाराच्या जागी शून्य येते.

वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये षोडशमान संकेत टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले की चिन्ह येते. एक्सेलमध्ये युनिकार फंक्शनला दशमान संकेतांक द्यायचा. शंभरभर आकडे असतील तर हाताने टंकूच नका. मूल्य आणि घट एका तक्त्यात लिहा आणि चिन्हे प्रोग्रामकडून बनवून घ्या.

आता दिसण्याबद्दल. जोड दिसायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, मजकूर मांडणाऱ्या इंजिनाने, म्हणजे शेपरने, अंक, जोडखूण, अंक हा एकच घट धरायला हवा. युनिव्हर्सल शेपिंग इंजिन आणि हार्फबझ दोन्ही तसा धरतात. या वीस चिन्हांसाठी आणि जोडखुणेसाठी त्यांत वेगळे वर्ग आहेत. दोन, फॉन्टमध्ये त्या तिघांच्या जागी एक जोडचित्र ठेवणारा नियम हवा. विंडोजचा सेगो यूआय हिस्टॉरिक आणि गूगलचा नोटो सॅन्स ब्राह्मी या दोन्हींत ब्राह्मी आहे, पण तुम्हाला लागणारा प्रत्येक जोड तुमच्या हातातल्या आवृत्तीत आहे असे गृहीत धरू नका. तपासायला हार्फबझची एचबी-शेप ही आज्ञा वापरा. फॉन्ट आणि १००~४ हा मजकूर द्या. उत्तरात एकच चित्र आले तर जोड आहे. शंभर आणि चार वेगवेगळे आले तर फॉन्टात नियम नाही. तुमचा मजकूर बरोबरच आहे, त्याला हात लावू नका.

ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर मात्र चूक मजकुरात आहे. जोडखुणेच्या आधी पहिल्या संचातला अंक नसेल तर शेपर ते वर्तुळ घालतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन संचांची सरमिसळ: ४ दुसऱ्या संचातला टंकला आणि त्याला जोडखूण लावली.

कोनशिळा

एक मूलभूत शंका. लेख वाचणाऱ्याला किंमत हवी असते. देवनागरीत २४,४०० लिहिले की काम झाले. प्रत्येक आकडा ब्राह्मीत पुन्हा उभा करायचा खटाटोप कशासाठी? छायाचित्र आणि ठसा (दगडावर कागद दाबून घेतलेली प्रत) आहेतच की.

लेणीवाचक

क्रमाची दुरुस्ती मान्य. तक्त्यात बदल केला.

कोनशिळा, किंमत आणि चिन्हे या दोन वेगळ्या नोंदी आहेत, म्हणून खटाटोप. १,७०० हे उदाहरण घ्या. दगडावर १००० आणि त्यापुढे १००~७. सातशेचा तो जोड कसा काढला, शंभराच्या कुठल्या अंगाला सात चिकटवला, नाशिकला तो तसाच आहे का, हे प्रश्न विचारायचे तर जिथे जिथे १००~७ आहे ते सगळे लेख शोधता आले पाहिजेत. देवनागरी १,७०० शोधून ते होणार नाही. त्यात २,७०० सुटेल आणि स्थानमूल्यातले १७०० मिसळेल.

दुसरे, वाचन बदलू शकते. उद्या कुणी म्हणाले की हा सात नसून नऊ आहे, तर एका घटातले एकच चिन्ह बदलायचे असते. नुसती किंमत जपली असेल तर कुठल्या चिन्हावरून ती आली हेच हरवते.

डेटाकारकून

दोन्ही जपा, पण एकातून दुसरे काढताना खालच्या खड्ड्यांत पडू नका. हे सगळे पायथनमध्ये कुणीही पाच मिनिटांत करून बघू शकतो.

पहिला खड्डा. ब्राह्मी १ (पहिला संच) याला इझडिजिट (हा अंक आहे का?) विचारले तर उत्तर होय येते. त्यावर विसंबून मजकुराचा पूर्णांक करणारे इंट चालवले की व्हॅल्यूएरर. कारण इंटला एनडी वर्गातले दशमान अंक लागतात. पहिला संच एनओ, म्हणजे इतर अंकचिन्हांच्या, वर्गात आहे. योग्य प्रश्न इझडेसिमल, आणि तो पहिल्या संचाला नाही असेच म्हणतो. १० ते १००० या चिन्हांना तर इझडिजिटसुद्धा नाही म्हणतो, फक्त इझन्यूमेरिक होय म्हणतो. किंमत काढायला युनिकोडडेटा मोड्यूलमधले न्यूमेरिक वापरा. वीसच्या चिन्हाला ते २०.० देते. दुसऱ्या संचाला इंट निमूट चालते, देवनागरीला चालते तसेच. म्हणून चाचणी फक्त दुसऱ्या संचावर केली असेल तर प्रोग्राम बरोबर वाटतो आणि खऱ्या लेखावर कोसळतो.

दुसरा खड्डा सगळ्यांत घातक, कारण इथे काहीच कोसळत नाही. जोडखूण एमएन वर्गात आहे, म्हणजे आपल्या मात्रा-उकार-अनुस्वारांच्या जातीची. शोध सोपा व्हावा म्हणून मजकुरातली सगळी एमएन चिन्हे काढून टाकणारी दोन ओळींची स्क्रिप्ट जिकडेतिकडे फिरत असते. रोमन लिप्यंतरातले टिंब आणि रेघा काढायला ती ठीक आहे. ब्राह्मीवर ती चालवली की १००~४ चे १००, ४ होते. चारशेचे एकशे चार. नाणेघाटाचे २४,४०० हे १०००, २०, १०००, ४, १००, ४ असे उरते. बेरीज केली तर २,१२८. बावीस हजारांवर काहापन एका ओळीत गेले आणि संगणकाने चकार शब्द काढला नाही.

तिसरा. पायथनच्या रे मोड्यूलमधला शब्द पकडणारा डब्ल्यू-नमुना एमएन चिन्हावर थांबतो. मराठी शब्द मात्रेपाशी तुटतात ते याचमुळे. २४,४०० चे त्याने चार तुकडे होतात: १०००, मग २० आणि १००० एकत्र, मग ४ आणि १०० एकत्र, मग ४. म्हणजे तुटायला नको तिथे तुटते आणि तुटायला हवे तिथे चिकटते. यावर सरळ संकेतांकांची मर्यादा लिहा: ६९७१४ ते ६९७३३ आणि ६९७५९.

किंमत काढायची रीत अगदी छोटी आहे. डावीकडून चिन्हे घ्या. चिन्हापुढे जोडखूण असेल तर त्याला पुढच्या चिन्हाने गुणा, नसेल तर आहे तशी किंमत घ्या. सगळ्या घटांची बेरीज करा. एक पहारा ठेवा: प्रत्येक घट आधीच्या घटापेक्षा लहान असलाच पाहिजे. २०,०००, ४,०००, ४०० उतरता आहे, ठीक. जोडखुणा गळालेली १०००, २०, १००० ही रांग उतरती नाही, तिथे पकडली जाते.

कोनशिळा

पण १००, ४ हे उतरतेच आहे. एकशे चार हा वैध आकडा आहे. मग तुमचा पहारा काय कामाचा?

डेटाकारकून

बरोबर, तिथे तो पकडत नाही. १,७०० ची जोडखूण गळाली तर १०००, १००, ७ म्हणजे १,१०७, तेही उतरते आणि वैध. याच लेखात १,१०१ आहे: १०००, १००, १, आणि तिथे जोडखूण खरोखरच नाही. काही जण घाबरून प्रत्येक १०० आणि १००० पुढे जोडखूण लावतात. तसे केले तर १०००~१००~१ होते आणि रीत त्याला एक लाख म्हणते. म्हणून जोडखूण कुठे आहे याचा निर्णय ठसा पाहूनच करायचा. ती नियमाने लावता येत नाही आणि नियमाने काढताही येत नाही.

जिथे लेखात आकडा शब्दांतही दिला आहे तिथे मात्र फुकटचा साक्षीदार मिळतो.

लेणीवाचक

नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) लेख त्यासाठी उत्तम. वर्ष ४२ हे ४०, २ असे. त्याने अक्षयनीवी (कायमची ठेव) म्हणून दिलेले काहापन तीन हजार, शब्दांत ‘सहस्राणि त्रीणि’ आणि पुढे आकडा. त्यातले दोन हजार कोलिकांच्या (विणकरांच्या) एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, एक हजार दुसरीकडे. पुढे आठ हजार नारळाची रोपे, शेवटी सत्तर हजार काहापन. आकडे असे बसतात: १०००~३, १०००~२, १०००, १०००~८, १०००~७०. जोडखूण गळाली तर ३,००० चे १,००३ होतील आणि शेजारचा शब्द लगेच खोटे पकडेल. ७०,००० चे १,०७० होतील, तेही पकडले जाईल. तक्त्यात शब्दांवरून काढलेल्या किमतीचा वेगळा स्तंभ ठेवला आणि दोन्हींची तुलना केली की अशा चुका आपोआप वर येतात.

अक्षरजुळारी, २०० आणि ३०० बद्दल विचारायचे आहे. तिथे शंभराला दोन किंवा तीनचे चिन्ह चिकटवलेले नसते. २०० ला शंभराच्या उजवीकडे एक रेघ, ३०० ला दोन रेघा. मग तिथे १००~२ लिहायचे का? एका रेघेवरून १००~१ लिहावे असा मोह होतो.

अक्षरजुळारी

१००~२ आणि १००~३ हेच. मजकुरात किंमत जाते, रेघा काढणे फॉन्टचे काम. दोन हजार आणि तीन हजारांचेही तसेच, तिथेही रेघाच असतात. म्हणून नाणेघाटातले २८९ म्हणजे १००~२, ८०, ९ आणि ३०१ म्हणजे १००~३, १. अशोकाच्या सहस्राम आणि रूपनाथच्या लेखांतले प्रसिद्ध २५६ हेही १००~२, ५०, ६.

यातून पुढचा मुद्दा निघतो. अशोकाचा ४, नाणेघाटाचा ४ आणि नाशिकचा ४ वेगळे दिसतात, पण तिघांचा संकेतबिंदू एकच, यू+११०५५. वळण बदलले म्हणून वेगळे चिन्ह शोधू नका. एकाच पानावर दोन वळणे दाखवायची असतील तर दोन फॉन्ट, किंवा एकाच फॉन्टात शैलीसंच. स्वतः फॉन्ट करणाऱ्यांनी लिपीची खूण ‘ब्राह’ ठेवायची आणि जोडांचे नियम त्याच लिपीखाली लिहायचे. नाणेघाट आणि नाशिक धरून किमान हे जोड हवेत: १००~२, ~३, ~४, ~७ आणि १०००~२, ~३, ~४, ~६, ~८, ~१०, ~२०, ~७०. दहा आणि वीस हजारांचे जोड हमखास विसरले जातात, कारण करणारा १ ते ९ पर्यंतच जोड बनवून थांबतो. नाणेघाटासाठी नेमके तेच लागतात.

दिसायला सारखे म्हणून चुकीचे चिन्ह वापरू नका. नाणेघाटातला १ ही आडवी रेघ आहे, आणि ब्राह्मीत यू+११०४बी हे आडव्या रेघेचे विरामचिन्हही आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्याला फरक कळणार नाही, पण विरामचिन्हाला किंमत नाही आणि बेरजेत तो एक गळतो. ६,००१ चे ६,००० होतात. उभ्या रेघेचा १ असेल तिथे यू+११०४७ या दंडाशी गल्लत होते. अशोकाच्या कालसी लेखातल्या अधिकच्या खुणेसारख्या ४ साठी कुणी ‘क’ हे अक्षर टंकतो, तीही तीच चूक. ब्राह्मी अंक अक्षरांवरून आले की नाही हा वाद वेगळा. फाइलमध्ये अंकाच्या जागी अंकच हवा.

क्षत्रपनाणी

पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शकवर्ष याच अंकांत असते. तिथली अडचण दगडापेक्षा वेगळी. नाणे ते पाडायच्या ठशापेक्षा लहान, म्हणून शेवटचा अंक बऱ्याचदा कडेबाहेर जातो. उदाहरणार्थ १०० आणि ५० स्वच्छ दिसतात आणि पुढे काठ. हे कसे नोंदवायचे? आजवर माझ्या यादीत अशा नाण्यांपुढे १५० लिहिलेले आहे.

लेणीवाचक

ते १५० आधी काढा. आपल्या पद्धतीत १५० लिहिले की एकंस्थानी शून्य आहे असे ठाम विधान होते. ब्राह्मीत १००, ५० एवढेच दिसणे याचे दोन अर्थ आहेत: वर्ष खरेच १५० असेल, किंवा पुढचा १ ते ९ मधला अंक कडेबाहेर गेला असेल. शून्य नसलेल्या पद्धतीत तुटलेला आकडा पूर्ण आकड्यासारखाच दिसतो.

पन्नासच्या पुढे मोकळी जागा दिसत असेल आणि तिथे काही कोरलेले नसेल, तरच १५०. नाहीतर चिन्हे १००, ५०, पुढे गळती. किंमत किमान १५०, कमाल १५९. एपिडॉक (कोरीव लेखांसाठीची एक्सएमएल रचना) पद्धतीने खुणा लावत असाल तर आकड्याच्या नम खुणेला व्हॅल्यू न देता अ‍ॅटलीस्ट १५० आणि अ‍ॅटमोस्ट १५९ द्या, आणि आत चिन्हांपुढे गॅपची खूण ठेवा. दशकाचा अंकच कडेबाहेर गेला असेल आणि फक्त १०० दिसत असेल तर १०० ते १९९. नाण्यावर तसे दिसत असेल तर राजाच्या नावावरून ही मर्यादा आणखी आवळता येते, पण ते अनुमान वेगळ्या स्तंभात लिहा. चिन्हांच्या स्तंभात फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच.

डेटाकारकून

खुणांबद्दल एक भर. अर्धवट झिजलेल्या जोडात ‘शंभर स्वच्छ, चार अस्पष्ट’ असे दाखवायला काही जण १०० बाहेर ठेवतात आणि ~४ अनक्लिअर खुणेत घालतात. एक्सएमएल वैध राहते, पण खुणेच्या आतला मजकूर जोडखुणेने सुरू होतो. वेबपानावर त्या खुणेला वेगळा रंग दिला की काही ब्राउझर दोन भाग वेगळे मांडू शकतात, मग जोड फुटतो आणि ठिपक्यांचे वर्तुळ उगवते. संपूर्ण १००~४ एकाच खुणेत ठेवा आणि कुठला भाग अस्पष्ट ते टिपेत लिहा.

आणि क्षत्रपनाणी, तुमची यादी डेटाबेसमध्ये असेल तर हेही बघा. ब्राह्मीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेते. १ चे चिन्ह एफ०, ९१, ८१, ९२. नाणेघाटाचे २४,४०० म्हणजे नऊ चिन्हे, ३६ बाइट. जावास्क्रिप्टमध्ये त्याची लांबी १८ दिसते, कारण तिथे प्रत्येक चिन्ह दोन एककांचे. मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ८’ हा तीन बाइटांपुरताच आहे. त्यात हे भरले तर कडक अवस्थेत त्रुटी येते; सैल अवस्थेत पहिल्या ब्राह्मी चिन्हापाशी मजकूर कापला जातो आणि फक्त एक इशारा येतो, जो कुणी वाचत नाही. स्तंभ यूटीएफ८एमबी४ करा.

तेवढ्यावर थांबू नका, कोलेशनही (मजकुराची तुलना आणि क्रमवारी करायचे नियम) बदला. यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय आणि यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय या दोन्हींत मूळ पातळीबाहेरची (यू+एफएफएफएफच्या पुढची) सगळी चिन्हे एकाच वजनाची धरतात. म्हणजे ब्राह्मी १ बरोबर ब्राह्मी ९, आणि १००~४ शोधले की तीन चिन्हांचा कुठलाही ब्राह्मी मजकूर सापडतो. अनन्य निर्देशांक लावलेला असेल तर दुसरी नोंद ‘आधीच आहे’ म्हणून नाकारली जाते. नवीन ०९००_एआय_सीआय मध्ये हा दोष नाही, पण तिथे स्थानमूल्याचा ब्राह्मी १ आणि आपला देवनागरी १ समान ठरतात. चिन्हांच्या स्तंभाला सरळ यूटीएफ८एमबी४_बिन लावा. किमान आणि कमाल हे दोन साधे पूर्णांक स्तंभ ठेवा आणि क्रमवारी, बेरीज, शोध सगळे त्यांच्यावर करा.

मोडीवाचक

थोडे विषयांतर. मोडीच्या अंकांनाही हे सगळे लागू आहे का? दप्तरातल्या रकमा उतरवायच्या आहेत.

अक्षरजुळारी

नाही, मोडी पुष्कळ सोपी. मोडीचे अंक यू+११६५० ते यू+११६५९, युनिकोड ७.० पासून. ते पूर्ण स्थानमूल्याचे, एनडी वर्गातले, त्यांना इंट चालते आणि जोडखूण लागत नाही. पावकी, निमकी, पाऊणकीच्या खुणा मोडीच्या कप्प्यात शोधू नका. त्या यू+ए८३० पासूनच्या सामाईक कप्प्यात आहेत: पाव, अर्धा, पाऊण, मग एक षोडशांश, अष्टमांश, तीन षोडशांश. चार बाइट, डेटाबेस आणि कोलेशन यांबद्दल वर लिहिलेले मात्र मोडीच्या अंकांनाही जसेच्या तसे लागू.

कोनशिळा

माझी मूळ शंका फिटली. क्षत्रपनाण्यांचे १५० वाचल्यावर मुद्दा पटला: देवनागरीत उतरवताना नकळत शून्य घातले जाते. एकच उरले. लिप्यंतर छापताना देवनागरीत काय दाखवायचे? २४४०० की २०००० ४००० ४००?

लेणीवाचक

घट सुटे दाखवा: २०००० ४००० ४००. वर्षासाठी ४० २. यात जोड आहे तिथे एक आकडा आणि जोड नाही तिथे मोकळी जागा, म्हणजे वाचकाला दगडावरचे घट कळतात आणि स्थानमूल्याचा भासही होत नाही. एकत्रित किंमत भाषांतरात द्या.

सगळ्यांच्या दुरुस्त्या घेऊन तक्त्याची एक ओळ आता अशी आहे. स्थळ: नाणेघाट. वस्तू: काहापन. चिन्हे: १०००~२०, १०००~४, १००~४, सलग नऊ संकेतबिंदू, बिन कोलेशन. सुटे घट: २०००० ४००० ४००. किमान: २४४००. कमाल: २४४००. शब्दांवरून किंमत: रिकामी. स्थिती: जोड ठशावरून तपासले, तिन्ही. शेवटचा स्तंभ भरल्याशिवाय ओळ पक्की धरत नाही. क्षत्रपनाणी, तुमच्या यादीतल्या १५० वाल्या ओळी याच रचनेत पाठवा. पन्नासच्या पुढची जागा मोकळी आहे की काठ, एवढे प्रत्येक नाण्यापुढे लिहा.

क्षत्रपनाणी

लिहितो. छायाचित्रे कडेसकट पुन्हा मोठी करून बघावी लागतील, कारण जुन्या छायाचित्रांत काठ कापून टाकलेला आहे. अशा नाण्यांपुढे सध्या १५० ते १५९ आणि ‘काठ दिसत नाही’ एवढेच टाकतो.